खुर्चीवरून दिसणारं पाणी

आक्काचं बूड घरात कधी टेकत नसे. चहा ओतला की तिला कपाटाचं उघडं दार आठवायचं, कपाटाशी गेली की दोरीवरचे कपडे, आणि कपड्यांना हात लावते तोवर चहा निवून जायचा. म्हणून त्या संध्याकाळी सूनबाईने तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि समोर एक पोस्टकार्ड ठेवलं, तेव्हा मुलगा दारातूनच म्हणाला, "खुर्चीला बांधून ठेव तिला, नाहीतर निसटेल."

"तू तुझं काम बघ," म्हणत आक्का बटाटे सोलायला उठली.

"आई, बसा. बटाटे मी सोलून ठेवलेत."

"जाड सोलले असशील."

"जाड सोललेत. आता बसा."

आक्का बसली. टेबलाखाली तिचा एक पाय हलतच राहिला.

सूनबाई लहान मुलांच्या शाळेत चित्रकला शिकवायची. घरात आल्यापासून आक्काला काही शिकवण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती आणि येईल असं दोघींनाही वाटलं नव्हतं. पण आक्का होती चित्रसंग्रहालयात राखणदार, आणि तिथे नुकत्याच नव्या संचालिका आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी हुकूम काढला की नुसतं खुर्चीत बसून राखण करणं बंद. प्रत्येक दालनात एकच माणूस राहील आणि त्याने राखणही करायची, आलेल्या लोकांना चित्रही समजावून सांगायचं. ज्याने त्याने आपल्या दालनातलं एक चित्र निवडावं आणि गुरुवारी संचालिकांसमोर उभं राहून त्यावर बोलावं. जमलं तो वर राहील. नाही जमलं तो तळघरात जाईल, जिथे लोकांचे कोट, पिशव्या, छत्र्या ठेवून घेतात.

त्या तळघराची आक्काला धडकीच होती. मागे तिथली बाई आजारी पडली तेव्हा आक्काला काही दिवस खाली बसवलं होतं. खिडकी नाही, वरून एक नळीचा दिवा सारखा गुणगुणतोय, आणि ओळीने लोंबकळणारे कोट, मान खाली घातलेल्या माणसांसारखे. बाहेर ऊन आहे की अंधारून आलंय, पत्ता नाही. त्या दिवसांत आक्का घरी येऊन आधी खिडकी उघडायची आणि मग चपला काढायची. आता नोकरीची उरलेली वर्षं तिथे काढायची. वरच्या मजल्यावरचं ते लांबट दालन, त्यातली ती उंच खिडकी आणि समोरच्या भिंतीवरचं ते चित्र हे सगळं हातचं जाणार. बाकी कशाचं तिला फारसं काही नव्हतं. कोट सांभाळणं काही अवघड काम नाही.

"हं," सूनबाईने कार्डावर छापलेल्या त्याच चित्रावर पेन्सिलीचं टोक ठेवलं. "हे निसर्गचित्र. म्हणजे झाडं, शेतं, आभाळ. पहिल्यांदा तीन भाग पाडायचे. जवळचा तो अग्रभाग, मधला तो मध्यभाग, लांबचा ती पार्श्वभूमी. कळलं?"

"नाही."

सूनबाईने इकडेतिकडे पाहिलं. "हा तुमचा कप. हा अग्रभाग. ती शेगडी मध्यभाग. शेगडीमागची खिडकी ती पार्श्वभूमी."

"आणि तू?"

"मी कप आणि शेगडीच्या मधे."

"हो," आक्का म्हणाली. "तू नेहमी मधेच असतेस."

मुलगा आतल्या खोलीत खोकला. सूनबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण तिच्या ओठांची एक कड हलली.

आक्काला अक्षरं उशिरा भेटली होती. वाचायची, पण बोट ठेवून, एकेका शब्दाशी थांबत. त्यामुळे सूनबाईने लिहून दिलेलं तिने बाजूला सारलं आणि म्हणाली, तू बोल, मी ऐकते. कानाने घेतलेलं तिच्या डोक्यात पक्कं बसायचं. क्षितिजरेषा म्हणजे आभाळ जिथे जमिनीला टेकतं ती रेघ. ती वर असली की जमीन जास्त दिसते, खाली असली की आभाळ. उष्ण रंग पिवळे, तांबडे, नारिंगी, ते पुढे आल्यासारखे वाटतात. शीत रंग निळे, जांभळे, ते मागे सरतात. रचना म्हणजे चित्रातल्या वस्तू कुठे ठेवल्यात आणि डोळा कुठून कुठे जातो ते. ब्रशचे फटकारे म्हणजे चित्रकाराच्या हाताची चाल.

"आणि ही चित्रं काढणाऱ्यांना म्हणतात दृक्प्रत्ययवादी."

"काय?"

"दृक्प्रत्ययवादी. इम्प्रेशनिस्ट."

"दुसरंच म्हणेन मी. पहिल्याने माझे दात पडतील."

"चालेल. तर यांचं म्हणणं काय, की वस्तू महत्त्वाची नाही, तिच्यावर पडलेला उजेड महत्त्वाचा. उजेड तर क्षणाक्षणाला बदलतो. म्हणून हे लोक बाहेर उघड्यावर बसून भराभर रंगवायचे. एकच झाड सकाळी वेगळं, दुपारी वेगळं."

आक्काचा हलणारा पाय थांबला. "हे मात्र खरं," ती म्हणाली. "ते चित्र सकाळी वेगळंच असतं. दुपारी पाणी नुसतं चमचमतं. आभाळ आलं की तेही मंद होतं."

"तसं वाटतं ना? तीच तर गंमत. फटकारे सुटे सुटे ठेवतात, म्हणून रंग हलल्यासारखा वाटतो."

"हलतंच ते."

"अगदी बरोबर," सूनबाई खूश झाली. सासूला इतक्या लवकर एवढं कळेल असं तिला वाटलं नव्हतं. मग तिची पेन्सिल अडली. "पण पाणी कुठलं?"

"कुठलं म्हणजे? डावीकडच्या कोपऱ्यातलं. तळं आहे की तिथे."

सूनबाईने कार्ड उचलून नाकाशी धरलं. मधे वाट, दोन्ही बाजूंना झाडं, उजवीकडे गवताच्या गंजीसारखं काही, मागे टेकड्या. डाव्या कोपऱ्यात राखाडी जांभळट रंगाचं शेत होतं. "आई, इथे शेत आहे. आणि या झाडांच्या सावल्या बघा, सगळ्या डावीकडे पडल्यात. म्हणजे ऊन उजवीकडून येतंय."

"ऊन डावीकडून येतं. पाणी तिकडे चमकतं म्हटल्यावर ऊन तिकडूनच ना?"

"पण कार्डावर..."

"कार्ड छापणारा आंधळा असेल." आक्का उठली आणि बटाटे परत एकदा धुवायला लागली. "इतकी वर्षं मी त्या चित्रासमोर बसते, आणि तू मला एवढासा कागद दाखवून सांगतेस तळं नाही म्हणून."

"मी एकदा येऊन बघू का? गुरुवारच्या आधी?"

"काही नको."

घरच्यांपैकी कुणाला तिने कधी संग्रहालयात येऊ दिलं नव्हतं. इथे पायाला भिंगरी लावून फिरणारी बाई तिथे दिवसभर खुर्चीत बसते, हे त्यांनी पाहावं असं तिला वाटायचं नाही. घरी ती नेहमी सांगायची, फिरून फिरून पाय दुखले.

सूनबाईने कार्ड खाली ठेवलं. छापील रंग फसवे असतात हे तिला माहीत होतं. शाळेतल्या पुस्तकांत तर निळ्याचं हिरवं झालेलं ती रोज बघायची. शिवाय संध्याकाळ भांडणात घालवायची नव्हती. "असेल," ती म्हणाली. "खरं चित्र तुम्ही बघता, मी कुठे बघितलंय?"

"आता कसं बोललीस."

मग पूरक रंग झाले. सूनबाईने हिरव्या ताटलीवर लाल फडकं टाकलं. "हे दोघं एकमेकांचे पूरक."

"पूरक कसले? भांडतायत नुसते."

"शेजारी ठेवले की दोघेही जास्त उठून दिसतात."

"तुम्हा दोघींसारखे," आतून मुलगा म्हणाला. त्यावर दोघींनी मिळून त्याला गप्प बसवलं.

बुधवारी आक्का कामावर गेली ती तोंडात सगळं घोळवतच. निळा कोट अंगात घातला, बाजूच्या छोट्या दाराने दालनात शिरली आणि आपल्या खुर्चीत बसली. खुर्ची दालनाच्या उजव्या कोपऱ्यात होती, पाठ भिंतींच्या सांध्याला, नजर दोन्ही दारांवर. राखणदाराने असंच बसायचं असतं. समोरून कुणी आलं तर त्याच्या हातांकडे बघायचं. छत्री आहे का, पिशवी खांद्यावरून झुलते आहे का, बोट चित्रावरच्या काचेकडे जातंय का. लोक चित्राकडे बघतात आणि आक्का लोकांच्या हातांकडे. चित्रासमोरून ती दिवसातून कितीदा जायची, पण तेव्हा नजर गर्दीवर नाहीतर चित्रापुढे बांधलेल्या दोरीवर. दोरी सारखी करायला ती भिंतीला खेटून चालायची, आणि तितक्या जवळून चित्र म्हणजे नुसते रंगाचे गोळे. चित्र बघावं असं वाटलं की ती खुर्चीतून बघायची. दालन रिकामं झालं की हातावर हनुवटी टेकून, निवांत. दिवसभरात तेवढाच काय तो निवांतपणा.

त्या दिवशीही तिने बघितलं. डाव्या कोपऱ्यात तळं होतं. पांढरं, रुपेरी, आणि त्यावरून वाऱ्याची झुळूक जावी तशी बारीक थरथर.

"आहे की," ती स्वतःशीच म्हणाली. सूनबाई म्हणजे ना.

शेजारच्या दालनातला लंबू दारात येऊन वाकला. त्याला त्या दारातून वाकूनच यावं लागायचं. "आक्का, तुझं झालं का पाठ?"

"झालं. तुझं?"

"माझ्या चित्रात फळं आहेत. फळांना काय पाठ करायचं?"

"अरे, रचना असते. उजेड असतो."

"सफरचंदाला कसली रचना? ठेवलं की राहतं ते." लंबूने सुस्कारा टाकला. "खाली टाकतील मला. टाकू देत. खाली निदान कुणी येऊन विचारत तरी नाही की हे चित्र महाग का म्हणून."

आक्काला हसू आलं नाही. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, बसली, पुन्हा उठली. अग्रभाग, मध्यभाग, पार्श्वभूमी. उष्ण पुढे, शीत मागे. डावीकडे तळं, ऊन डावीकडून. एक म्हातारे गृहस्थ चित्र बघत उभे होते. ती त्यांच्या मागून तिसऱ्यांदा गेली तेव्हा ते वळून म्हणाले, "बाई, मी काही चोरत नाहीये."

गुरुवारी संग्रहालय दुपारपर्यंत बंद ठेवलं होतं. संचालिका ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, मऊ आवाजाच्या होत्या. त्या रागावल्या तरी कळायचं नाही म्हणून सगळे त्यांना जास्तच भ्यायचे. लंबूची पाळी आधी आली. आक्काला तिच्या दालनातून सगळं ऐकू येत होतं.

"यात सफरचंदं आहेत," लंबू म्हणाला. "चांगली आहेत."

"आणखी?"

"आणखी एक नासपती." त्याचे बूट करकरले. "तीही चांगली आहे."

मग पावलं आक्काच्या दालनाकडे आली. मागे लंबू आणि खालच्या मजल्यावरचे दोघे राखणदारही आले. संचालिकांनीच सांगितलं होतं की ऐकायला चार माणसं असू देत. आक्का चित्राच्या बाजूला उभी राहिली, लोकांकडे तोंड करून, चित्राकडे पाठ. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून कोटाची बटणं धरली.

"सांगा," संचालिका म्हणाल्या. "आम्ही पहिल्यांदाच आलोय असं समजा."

आक्का बोलायला लागली आणि बोलणं सुरू झाल्यावर तिचं तिलाच बरं वाटलं. शब्द रांगेत उभे होते, एकामागून एक येत गेले. हे निसर्गचित्र. अग्रभागात वाट आणि गवत, मध्यभागात झाडं, पार्श्वभूमीला टेकड्या. टेकड्या शीत रंगांच्या म्हणून लांब वाटतात. क्षितिजरेषा वर आहे म्हणून जमीन जास्त दिसते. चित्रकार इम्प्रेशनिस्ट होता, तो वस्तू नाही, उजेड रंगवायचा. खालच्या मजल्यावरच्या एकाने चक्क मान डोलावली.

"आणि उजेड येतो डावीकडून," आक्का म्हणाली. आता तिचा आवाज चांगला लागला होता. "म्हणून डाव्या कोपऱ्यातलं हे तळं बघा कसं चमकतंय. चित्रातली सगळ्यात उजळ जागा हीच. ब्रशचे फटकारे सुटे असल्यामुळे पाणी हलल्यासारखं दिसतं."

लंबूने मान लांब केली.

"कुठलं तळं?" संचालिकांनी मऊ आवाजात विचारलं. "दाखवा जरा."

आक्का वळली.

वळून तिने बोट वर केलं आणि ते तसंच हवेत राहिलं. डाव्या कोपऱ्यात शेत होतं. पीक काढून घेतलेलं, राखाडी, जांभळट, त्यात तपकिरी रेघा. पाण्याचा एक थेंब नाही. सूनबाईच्या कार्डावर होतं तसंच.

ती दोन पावलं मागे सरली. शेतच. चार पावलं. शेतच. कुणीतरी रात्रीतून चित्र बदललं असा एक वेडा विचार तिच्या डोक्यातून गेला. पण उरलेलं सगळं जागच्या जागी होतं, वाट, झाडं, टेकड्या. ती उजवीकडे सरकत गेली, काचेवरची नजर न काढता, आणि सरकता सरकता तिचा गुडघा तिच्याच खुर्चीला लागला. तिथून तळं दिसलं. आधी एक पांढरी कड, मग थोडं वाकल्यावर अख्खं, रुपेरी, थरथरणारं.

तिने मान वळवून पलीकडच्या भिंतीकडे पाहिलं. उंच खिडकी. खिडकीबाहेर झाड, आणि झाडाची पानं वाऱ्याने हलत होती.

"इथून आहे," ती म्हणाली.

"ते काचेवर खिडकीचं प्रतिबिंब पडतंय," संचालिका म्हणाल्या.

"हो."

खालच्या मजल्यावरचा एक जण हसायला लागला, आणि लंबूने त्याच्या बुटावर आपला बूट ठेवला. संचालिकांनी घड्याळाकडे बघितलं. "ठीक आहे. बाकीचं बरं सांगितलंत. आपण..."

आक्काला तो गुणगुणणारा दिवा ऐकू आला. मान खाली घातलेले कोट दिसले.

"मला परत सांगू द्या," ती म्हणाली.

"पुन्हा तेच?"

"ते नाही. ते पाठ केलेलं होतं." ती खुर्ची सोडून मधे आली, दोरीच्या समोर, जिथे लोक उभे राहतात तिथे. अशी रिकाम्या हाताने, कुणावर नजर न ठेवता, ती तिथे पहिल्यांदाच उभी राहत होती. "मी हे चित्र इथून कधी बघितलं नाही. बघत बघत सांगते. चुकलं तर चुकलं."

संचालिकांनी हाताची घडी घातली. ती घडी होकाराची की कंटाळ्याची, आक्काला कळलं नाही.

तिने बघितलं. आता शब्द रांगेत नव्हते, एकेकाला हाक मारून बोलवावं लागत होतं. "सावल्या डावीकडे पडल्यात," ती म्हणाली. "म्हणजे ऊन उजवीकडून येतंय. माझ्या सुनेने सांगितलं होतं, मी तिला उडवून लावलं." ती थांबली, पुढे झाली, दोरीला पोट लागेपर्यंत वाकली. "आणि सावल्या काळ्या नाहीयेत. मला वाटलं होतं काळ्या असतील. निळ्या आहेत, जांभळ्या आहेत. ते शेतही त्याच रंगाचं आहे. म्हणजे ते शेत सावलीत आहे. चित्रातली सगळ्यात अंधारी जागा तीच." तिथेच तर तिचं तळं होतं.

ती मागे गेली. पुन्हा पुढे आली. उजवीकडची गंजी जवळून नुसते पिवळे, नारिंगी, गुलाबी फराटे, आणि लांबून ऊन खाल्लेलं गवत. "ही पुढे येते. उष्ण रंगाची आहे म्हणून. आणि वाट इथून खालून सुरू होते, झाडांमधून जाते, तिकडे वळते. डोळा तिच्याबरोबर जातो." मग ती पुढे वाकली. "हे काय आहे?"

"काय?" लंबू न राहवून म्हणाला.

"वाटेवर. हे लाल." वाटेच्या वळणाशी, हिरव्या झाडाखाली, तांबड्या रंगाचा एकच फटकारा होता, नखाएवढा. आक्का जवळ गेली तर नुसता रंग. लांब आली तर कुणीतरी चालल्यासारखं. "माणूस असेल. बाई असेल. मला सांगता येणार नाही. पण लाल हिरव्याशेजारी आहे, ते पूरक रंग. त्यामुळे तो ठिपका डोळ्याला बसू देत नाही. मी टेकड्यांकडे बघते आणि डोळा परत तिथेच येतो. गंजीकडे बघते, परत तिथेच." ती हे बोलत होती आणि पुढेमागे चालत होती, आणि ऐकणारेही तिच्याबरोबर नकळत पुढेमागे व्हायला लागले होते. "एवढंच दिसलं," ती शेवटी म्हणाली. "आणखी असेल. मला एवढंच दिसलं."

संचालिका पुढच्या दालनात निघून गेल्या. आक्का खुर्चीत येऊन बसली आणि लगेच उठली, कारण खुर्चीतून ते तळं दिसत होतं.

निकाल दुपारी लागला. संचालिकांनी एकेकाला आत बोलावलं. आक्काला म्हणाल्या, "तुम्ही वर राहा. पण लोकांना चूक सांगून नंतर दुरुस्त करता येत नाही, ते तोवर निघून गेलेले असतात. तेव्हा पाठ करून येत जाऊ नका. आधी बघत जा."

"बरं."

"आणि बोलणाऱ्याला खुर्ची लागणार नाही. वरच्या खुर्च्या उद्या दुपारनंतर तळघरात नेतील."

आक्का "बरं" म्हणाली आणि बाहेर आली. बाहेर लंबू भिंतीला टेकून उभा होता. त्याला अपेक्षेप्रमाणे तळघर मिळालं होतं आणि तो फार दुःखी दिसत नव्हता. "मला बसायला मिळालं," तो म्हणाला. "तुला उभं राहायला मिळालं. बघ, बाईंना माणसं कळतात."

घरी गेल्यावर आक्काने चपला काढल्या, हात धुतले, पातेल्यावरचं झाकण काढून पाहिलं, पुन्हा ठेवलं. सूनबाई टेबलाशी मुलांच्या चित्रांच्या गठ्ठ्यावर वाकली होती. काय झालं हे विचारण्याची तिला हिंमत होत नव्हती.

"राहिले मी वर," आक्का शेगडीकडे तोंड करून म्हणाली.

सूनबाईने सुटकेचा निःश्वास टाकला. "आणि उजेडाचं?"

"उजवीकडून येतो."

"आणि तळं?"

आक्काने झाकण तिसऱ्यांदा उचललं. "उद्या शाळा सुटली की ये. दुपारीच ये, उशीर करू नकोस. वरच्या मजल्यावर, लांबट दालन. तिकीट काढावं लागेल, माझी सून म्हणून सोडणार नाहीत."

सूनबाईने मान वर करून सासूच्या पाठीकडे पाहिलं. मग पुन्हा मुलांच्या चित्रांवर वाकली. एवढ्या वर्षांत हे आमंत्रण पहिल्यांदाच आलं होतं, आणि जास्त बोललं तर आक्का ते परत घेईल हे तिला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा बोटांना अजून रंग लागलेला होता. दालनात पाचसहा माणसं होती आणि आक्का त्यांच्यासमोर उभी राहून सावल्यांबद्दल सांगत होती. सूनबाई मागे थांबली. आक्काने तिला बघितलं, बोलणं तोडलं नाही, फक्त हातांची जागा बदलली. लोक पांगल्यावर ती सुनेला दंडाला धरून कोपऱ्यात घेऊन गेली.

"इथे बस."

"तुमच्या खुर्चीत?"

"दिवसभर मी इथेच बसायचे. फिरायचे वगैरे काही नाही. बस."

सूनबाई बसली. आक्का तिच्या मागे उभी राहिली आणि तिची मान दोन्ही हातांनी थोडी फिरवली, लहान मुलीची वेणी घालताना फिरवावी तशी. बाहेर ऊन होतं आणि वारा होता. काचेच्या डाव्या कोपऱ्यात तळं होतं, पांढरं, रुपेरी, आणि हलणारं.

सूनबाईने बराच वेळ पाहिलं. "खिडकी आहे आई ती," ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे मला. बस गप्प जरा."

ती बसली. आक्काने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि वाकून, सुनेच्या डोक्याशी डोकं लावून, तीही बघत राहिली. तेवढ्यात लंबू दारातून वाकून आत आला आणि खुर्चीकडे बघून थांबला. "आक्का, वरच्या सगळ्या घेऊन झाल्या. ही एकच राहिली."

"ने की. एवढं ऊन उतरू दे."

लंबूने खिडकीकडे पाहिलं, मग चित्राकडे, मग सुनेकडे. भिंतीला टेकून तो वाट बघत उभा राहिला. दालनात कुणीतरी नवीन माणूस शिरला, खांद्यावर पिशवी झुलत होती, आणि आक्का त्याच्या हातांकडे बघत पुढे झाली.